लोकाचं लेकरू

कारखान्याचा पहिला भोंगा झाला, की आमच्या मागील दारी न्हाणीपाशी घंगाळाची कडी वाजे आणि पाठोपाठ भागूमावशीचा गळा सुरू होई. माझ्या बालपणातील त्या वर्षाच्या सकाळी मला या क्रमानेच आठवतात: आधी दूरचा भोंगा, मग पितळेची कडी, मग तो गळा. तो गोड मुळीच नव्हता. तेल न घातलेल्या रहाटासारखा तो चढताना कुरकुरे आणि उतरताना धापकन खाली येई. तरीही आज, इतके आयुष्य सरल्यावर, पहाटे जाग आली की देवाचे नाव ओठांवर येण्याआधी कानांत प्रथम तोच येतो. यात देवाचा काही अपमान होत असेल, असे मला वाटत नाही.

आम्ही तेव्हा बेलापुरात राहत होतो. प्रवरेकडे उतरणाऱ्या गल्लीत, मारुतीच्या देवळामागे, आमचे दोन खोल्यांचे कौलारू बिऱ्हाड होते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळी गावातील सत्यनारायण, वास्तुशांती, श्राद्धपक्ष सांभाळीत. शाळेत जाण्यापूर्वी ते मला देवघरासमोर बसवून शब्दरूपे म्हणवून घेत. मुलीला कशाला, असे कोणी विचारले तर म्हणत, ‘घरात श्रोता एकच आहे, त्याला मी परत पाठवू का?’ भागूमावशीचे घर आमच्या घराला भिंत लावून होते आणि परसदार दोघांत एकच होते. तिचा नवरा आणि मुलगे उसाच्या गाड्या घेऊन कारखान्यावर जात. ती माझी मावशी नव्हे. परंतु परसदार एक असले की नाती आपोआप जुळत.

आईचे माहेर नेवाशाचे. तिचे वडील कीर्तन करीत, त्यामुळे तिचा गळा लहानपणीच तयार झाला होता. अण्णा देव धूत असताना ती चुलीपाशी बसून भूपाळी म्हणे, आणि ती म्हणू लागली की गल्लीतून पाण्याला निघालेल्या बायका आमच्या दाराशी पाय सावकाश टाकीत. माझ्या पाठीवर झालेली भावंडे मात्र राहिली नाहीत. कोणी महिन्याचे होऊन गेले, कोणी बसायला लागून गेले. त्या सर्वांना आईने सकाळचे न्हाऊ घालताना पोटभर गाणी म्हटली होती, ‘माझा राजा, माझं सोनं’ म्हणून हाका मारल्या होत्या. माझ्या जन्माच्या वेळी मात्र ती बाळंतपणातच तापाने अंथरुणाला खिळली आणि तिचा घसा कित्येक महिने बसला होता. माझ्यासाठी ती कधी गायलीच नाही, आणि जगले ती मीच. या दोन गोष्टी तिच्या मनात केव्हा एकत्र आल्या कोण जाणे. मला तिचा निश्चय कळला तो पुन्हा दिवस राहिल्यावर, एका सकाळी ती अण्णांना सांगत होती तेव्हा.

‘मी गायले म्हणून त्यांचा पत्ता लागला,’ ती म्हणाली. ‘या खेपेला गाणार नाही. माझं म्हणणारही नाही.’

अण्णा पोथी बांधीत होते. ते थांबले. ‘अगं, मृत्यू असा फसतो का?’

‘यमधर्माला तुमची सगळी शास्त्रे येत असतील,’ आई म्हणाली, ‘पण बायकांच्या लबाड्या त्याला कोण शिकवणार?’

अण्णा हसले. त्या घरात ते हसल्याचे प्रसंग थोडे, म्हणून तो ध्यानात राहिला आहे. मग गंभीर होऊन म्हणाले, ‘याला शास्त्रात आधार नाही. परंतु निषेध आहे, असेही माझ्या वाचनात नाही. तुझ्या मनाला शांती मिळत असेल, तर कर.’

आमच्या भागात ही रीत जुनी आहे. ज्या घरात मुले टिकत नाहीत त्या घरातले मूल, जिची मुले धडधाकट आहेत अशा बाईला विकायचे. सुपात घालायचे, मूठपसा धान्यावर सौदा करायचा, आणि नाव असे ठेवायचे की ऐकणाऱ्याने मान फिरवावी. वर्ष सरले, जावळ काढायची वेळ आली, की तेच धान्य परत देऊन मूल सोडवून आणायचे. तोवर ते लोकाचे. भागूमावशीची सगळी मुले दगडासारखी होती, म्हणून आईने तिलाच विचारले. मुलगा झाला. बाराव्या दिवशी सकाळी अण्णांनी त्याला मांडीवर घेतले, त्याच्या कानाशी वाकून नक्षत्रावरून काढलेले नाव उच्चारले आणि ते आईलाही सांगितले नाही. नंतर आईने त्याला सुपात ठेवून मागच्या उंबऱ्यावर आणले. पलीकडे भागूमावशी बाजरी घेऊन उभी होती.

‘काय गं ह्ये?’ तिने ठरल्याप्रमाणे विचारले.

‘केर आहे,’ आई म्हणाली. ‘घेऊन जा. मला नको.’ हे म्हणताना तिने तोंड भिंतीकडे केले होते.

‘आता तुला नगं तर नेते मी. उकिरड्यावं टाकन्यापरीस माज्या घरात पडंल.’ भागूमावशीने ओंजळभर बाजरी आईच्या पदरात ओतली आणि सूप उचलले. ‘केरूच म्हनीन मी ह्याला.’

त्या संध्याकाळी बारसे भागूमावशीच्या घरी झाले. पाळणा तिच्या सुनांनी म्हटला. आई इतर बायकांत बसली होती, आणि निघताना तिलाही इतरांप्रमाणे ओंजळभर घुगऱ्या मिळाल्या. आपल्याच मुलाच्या बारशाच्या घुगऱ्या पाहुणी म्हणून घेऊन ती घरी आली. त्या तिने मला दिल्या. बाजरी मात्र दळली नाही. एका चिनी बरणीत घालून ती फडताळात, देवाच्या तुपाशेजारी, ठेवून दिली.

मूल अर्थातच आमच्याच घरी वाढत होते. दूध आईच पाजी. ‘लोकाच्या लेकराला पाजते आहे’ असे ती मोठ्याने म्हणे आणि पाजताना पदराचे टोक दातांत घट्ट धरून बसे, कारण मूल अंगाला लागले की तिच्या गळ्यातून आपोआप काहीतरी उमटू पाही. भूपाळीही तिने सोडली. तिचा गाता आवाज त्याच्या कानी पडता कामा नये, असा तिचा नेम होता. एकदा पडला तर तो ओळखील, त्याने ओळखले तर ज्याने ओळखू नये तोही ओळखील. त्यामुळे आमच्या घरातील सकाळ फार शांत झाली. देवघरात अण्णांचे स्तोत्र, चुलीवर अळिवाच्या खिरीचा बुडबुडा, आणि मग भोंगा होताच परसदारातून भागूमावशी.

ती येई तीच बोलत येई. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून पाटावर बसे, पाय लांब करी आणि केरूला नडग्यांवर पालथा घेई. मी चुलाण्यावरचे ऊन पाणी घंगाळात आणून ओती आणि डाळीचे पीठ, हळद, साय यांची वाटी हाताशी ठेवी. तिचे हात शेतात राबलेले, खरखरीत. परंतु त्या हातांखाली मूल कसे निश्चिंत पडून राही! तेल जिरले की ती तांब्या उचली आणि गाऊ लागे:

कुनाचं गं लेकरू, न्हातंया दारात
लोकाचं लेकरू, इसाव्याला घरात

काळा गं दगूड, न्हाई रंगरूप
फुडं जा गं बाये, फुडं गावं खूप

या ओव्या तिच्या तिनेच जुळवल्या होत्या. केरू दगडासारखा काळा मुळीच नव्हता. त्याच्या कानांच्या पाळ्या जास्वंदीच्या पाकळीसारख्या होत्या आणि उन्हात त्यांतून प्रकाश दिसे. दुसऱ्या ओवीतील ‘बाये’ कोण, हे मला कोणी सांगितले नव्हते. दारावरून जाणाऱ्या, नाव न घेण्यासारख्या कोणा स्त्रीला भागूमावशी रोज सकाळी पुढच्या गावाचा रस्ता दाखवीत होती, एवढे मला कळे.

न्हाणी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. गाणे सुरू झाले की आई पलीकडून त्या भिंतीला टेकून बसे. मी पाण्यासाठी आत गेले की ती हळूच विचारी, ‘हसला का?’

‘हसला.’

‘कोणत्या ओळीला?’

मी सांगे. कधी तो पहिल्या ओळीला हसे, कधी पाणी पाठीवर पडताच हसे, कधी नुसताच भागूमावशीच्या तोंडाकडे बघत राही. मी सांगेन ते आई डोळे मिटून ऐके, आणि मग लगबगीने भाकरी उलटायला वळे. भागूमावशीला हे ठाऊक होते. ती भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणे, ‘वैनी, लोकाच्या लेकराकडं काय ध्यान लावताय? सैपाक करपंल!’ आणि केरूच्या पाठीवर थाप मारून त्याला सांगे, ‘शेजारीन हाय बरं का ती. लई चौकशा करती. तिचा गळा साखरंचा म्हनत्यात, आन् तुज्या नशिबाला माजा फुटका रेडू!’ कुडापलीकडे आई तोंडावर पदर धरून हसे. ते हसू केरूला ऐकू येत नसे. मला येई.

मी आता अहिल्यानगरला मुलाकडे राहते. माझी नात गौरी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, आणि तिची मुलगी, माझी पणती, सकाळी प्लास्टिकच्या टबात न्हाते. शेजारी भिंतीला मोबाईल टेकवलेला असतो आणि त्यातून बाळांची गाणी चालू असतात. गाणारीचा आवाज सुरेख असतो, ती कधी थकत नाही, आणि बाळ हसले की नाही हे तिला कोणी सांगत नाही. मी तक्रार करीत नाही. प्रत्येक काळाने आपल्या बाळांना आपल्या परीने न्हाऊ घालावे. फक्त मला वाटते की त्या मोबाईलमधील बाईला कुडापलीकडे बसण्याचा प्रसंग कधी आला नसावा.

वर्ष भरत आले. केरूला दात आले, भिंत धरून तो उभा राहू लागला, आणि भागूमावशीचे गाणे सुरू होताच तोंडाने ‘आं, आं’ करून तिच्या कुरकुरीत स्वतःची भर घालू लागला. अण्णांनी पंचांग पाहून जावळाचा दिवस काढला. तेव्हापासून आईत मी एक बदल पाहिला. ती भिंतीला टेकून नुसती ऐकत नसे. तिचे ओठ हलत. एके सकाळी न्हाणे आटोपल्यावर तिने भागूमावशीला आत बोलावले आणि खिरीची वाटी तिच्यापुढे ठेवून विचारले, ‘भागू, दुसऱ्या ओवीत तू आवाज चढवतेस तो कुठे? ‘पुढं’वर का ‘गावं’वर?’

‘मला काय ठावं! गळा जाईल तिकडं मी जाते.’ मग ती थांबली. ‘का वो, तुमी शिकताय व्हय?’

‘त्याला तुझ्या गाण्याची सवय आहे. सोडवल्यावर नवे गाणे ऐकून रडेल.’

‘रडंल कशाला? तुमी गाल्यावर मला इचारनार बी न्हाई त्यो.’ भागूमावशी हसत होती, पण तिने खीर खाली ठेवली. मग म्हणाली, ‘वैनी, एक सांगू? सोडवल्याव बी मला न्हाऊ घालू द्या. अदनंमदनं. हाताला सवं लागलीया.’

‘अगं, रोज ये. तू न्हाऊ घाल, मी गाईन.’

असे त्या दोघींचे ठरले. आईने देवाजवळ मागितलेले एवढेच होते, हे मला आज कळते: मुलगा मोठा विद्वान व्हावा, कुळाचे नाव चालवावे, यांतले काही नाही. एका सकाळी भोंगा व्हावा, आणि आपण त्याला गाऊन न्हाऊ घालावे.

जावळाला पंधरवडा उरला असता गावात गोवर आला. प्रथम खालच्या आळीत, मग देवळामागे. केरूच्या कपाळावर पुरळ दिसले तेव्हा दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले आणि रीतीप्रमाणे न्हाणे बंद झाले. भोंगा होई, घंगाळाची कडी वाजत नसे. भागूमावशी त्याही दिवसांत वेळेवर येई, पाळण्याशी बसे आणि हलक्या आवाजात पहिल्या ओवीऐवजी दुसरीच पुन्हा पुन्हा म्हणे. फुडं जा गं बाये, फुडं गावं खूप. आई कुडाला टेकून बसलेली असे. त्या दिवसांत तिने मला ‘हसला का’ असे विचारले नाही.

मग पुरळ मावळले. अंगावरची लाली उतरली आणि बायका म्हणाल्या, गोवराची बाई गेली, आता निंबाच्या पाण्याने न्हाऊ घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊ घालायचे ठरले. परंतु त्या दुपारी त्याची छाती भाताच्या भांड्यावरच्या झाकणासारखी उडू लागली. श्रीरामपूरहून डॉक्टर आले, त्यांनी सुई टोचली, औषध दिले, छातीला शेक द्यायला सांगितले. सगळे सांगितल्याप्रमाणे झाले. कोणाकडून काही राहिले नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आईने पुढे आयुष्यभर ‘काय राहिले’ याचा शोध घेतला, आणि तिला कधी काही सापडले नाही. पहाटे, अण्णा स्नानाला उठण्याच्या सुमारास, ते उडणे थांबले.

आई रडली नाही. तिने केरूला मांडीवरून उतरवले नाही, आणि मला म्हणाली, ‘चुलाण्याला जाळ घाल.’ मी जाळ घातला. पाणी तापले. भोंगा झाला. परसदाराची कडी निघाली आणि निंबाच्या पाल्याने भरलेली पाटी कमरेवर घेऊन भागूमावशी आत आली.

‘कुठं हाय माजं केरू? उटीव म्हनावं! लई दिस झालं न्हाऊन, वास मारत असंल गड्याला...’

आई दारात उभी होती. एका हातावर केरू, दुसऱ्या हातात चिनी बरणी.

‘भागू, पदर पसर.’

‘आँ?’

‘पदर पसर म्हणते.’

भागूमावशीने केरूकडे पाहिले. पाटी खाली पडली नाही. तिने ती सावकाश, जड असल्यासारखी, जमिनीवर टेकवली. मग दोन्ही हात मागे नेले, जणू कोणी तिच्या हातात काही कोंबू पाहत आहे.

‘न्हाई. न्हाई वैनी. आता कशापाई सोडवताय?’

‘दे माझं मला.’

‘आवो ऐका. ऱ्हाऊ द्या माज्याकडं. माजंच गेलं म्हना. माज्या घरात हायत, मला पचंल. तुमी तुमच्या नावावं नगा घिऊ ह्ये. पाया पडते.’ ती खरोखर वाकू लागली. ‘लोकाचं गेलं म्हना, वैनी. लोकाचंच गेलं.’

‘वर्षभर तू म्हटलंस,’ आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. ‘वर्षभर मी ऐकलं. आता पदर पसर.’

सुतकात पूजा नसते याचे भान न राहून सवयीने देवघरात गेलेले अण्णा बाहेर आले होते. अंगावर ओले धोतर, हातात पळी तशीच. त्यांनी पळी खाली ठेवली आणि भागूमावशीसमोर हात जोडले. गावातील लोक त्यांच्या पाया पडत. त्यांना कोणापुढे असे उभे राहिलेले मी तोवर पाहिले नव्हते.

‘भागूबाई, घ्या,’ ते म्हणाले. ‘तिचे तिला द्या.’

भागूमावशीने पदर पुढे केला. बरणीतली बाजरी त्यात पडताना जो आवाज झाला, तो पावसाच्या सरीसारखा होता, असे लिहिणार होते. परंतु तसा नव्हता. तो बाजरीचाच आवाज होता, कोरडा आणि थोडा, आणि लगेच संपला.

मग आई पाटावर बसली. तिने पाय लांब केले आणि केरूला नडग्यांवर घेतले. भागूमावशीने पदराची गाठ मारून ती कमरेला खोचली, निंबाचा पाला घंगाळात सोडला आणि तांब्या भरला. वर्षभरात पहिल्यांदाच तिचे तोंड बंद होते. आईने तेलाचा हात त्याच्या पाठीवरून फिरवला आणि गाण्यासाठी तोंड उघडले. वर्षभर बंद राहिलेला तो गळा पहिल्या अक्षराला फुटला. तिने पुन्हा पहिल्यापासून धरले:

कुणाचं गं लेकरू, न्हातंय दारात
माझं गं लेकरू, माझ्या या घरात

तेवढा एकच बदल तिने केला. दुसरी ओवी तिने म्हटलीच नाही. आता कोणाला पुढच्या गावी धाडायचे होते? ती पहिलीच पुन्हा पुन्हा, एकेका तांब्याला एकदा अशी, म्हणत राहिली, आणि तिचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा, नेवाशाच्या कीर्तनात तयार झालेला, मोकळा झाला. शेजारच्या विहिरीवरचा रहाट थांबला. गल्लीत पाण्याला निघालेल्या बायका भिंतीपलीकडे उभ्या राहिल्या असाव्यात. कोणाची तरी घागर दगडावर टेकल्याचा आवाज मला आला. मी ऊन पाणी आणीत होते. पाणी कढत नाही ना, हे आईने प्रत्येक वेळी कोपर बुडवून पाहिले. पुसून झाल्यावर वेखंडाची धुरी दिली. काजळाची तीट लावण्यासाठी तिने बोट उचलले, आणि ते तसेच खाली आणले.

अण्णा त्याला प्रवरेकाठी घेऊन गेले. दात आलेल्या, पण जावळ न निघालेल्या बालकाचे सुतक एका दिवसरात्रीचे. पुढे मी स्वतः हे शास्त्र शिकले, तेव्हा या ठिकाणी पुष्कळ दिवस थांबले. शास्त्रकार निष्ठुर होते, असे मी म्हणत नाही. ज्या काळी घरोघरी पाळणे रिकामे होत, त्या काळी त्यांनी आईबापांना लवकर चुलीपाशी परत पाठवले, यात त्यांची दयाच असेल. आमची चूल दुसऱ्या दिवशी पेटली. भिंतीपलीकडे भागूमावशीची मात्र दहा दिवस पेटली नाही. ती आणि तिची माणसे थोरल्या दिराकडे जेवत. अण्णांनी तिला सांगून पाहिले की तुम्हाला सुतक नाही. ती म्हणाली, ‘तुमचं तुमाला ठावं, काका. मी वरीसभर इकत घेतलं हुतं.’ पदरातली बाजरी तिने दळली नाही. पुढच्या पावसाळ्यात बांधाच्या कडेला पेरली आणि कणसे आली तेव्हा गोफण न फिरवता पाखरांना सोडली.

परसदारी ती येई, परंतु भोंग्याच्या वेळी येत नसे. आईही त्या वेळी न्हाणीकडे जात नसे. पाणी तापवायची सवय मात्र तिच्या हातांना सुटेना. ऊन पाणी घंगाळात निवून जाई. हे किती काळ चालले, मला सांगता येत नाही. एके सकाळी अण्णा देव धूत होते. आमच्या देवघरात पितळेचा एक रांगता बाळकृष्ण आहे, बोटभर उंचीचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुसण्याने त्याचे नाकडोळे झिजून गेले आहेत. सोवळ्यातील देवांना आमच्या घरी पुरुषांखेरीज कोणी हात लावीत नसे. अण्णांनी तो बाळकृष्ण ताम्हनातून उचलला, उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईसमोर धरला.

‘याला तू घालत जा न्हाऊ,’ ते म्हणाले. ‘मला थंड पाण्याची सवय आहे. हा कुडकुडत असेल.’

आईने त्यांच्याकडे पाहिले. मग पदराला हात पुसून ओंजळ पुढे केली.

त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळी पुन्हा गाणे सुरू झाले. आई घंगाळापाशी बसे, बाळकृष्णाला तळव्यावर पालथा घेई, तेलाचे बोट फिरवी आणि कोमट पाण्याची धार धरी. ती त्याला भूपाळी म्हणेल, असे मला वाटले होते. अण्णांनाही वाटले असावे, कारण पहिली ओळ ऐकताच त्यांचे आचमन थांबले. ती भागूमावशीच्या ओव्या म्हणत होती, दोन्ही, आणि जशाच्या तशा. लोकाचं लेकरू, विसाव्याला घरात. देवालाही तिने आपला म्हटले नाही. मग अण्णांनी पाणी प्राशन केले आणि पुढचा मंत्र नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणू लागले, तिचे गाणे बुडू नये इतक्या हळू.

ती गेली तोपर्यंत हा नेम चालला. तो बाळकृष्ण आता माझ्याकडे आहे. माझ्या मुलांना मी न्हाऊ घालताना स्तोत्रे म्हटली, श्लोक म्हटले. ओवी कधी म्हटली नाही. ती केवळ बाळकृष्णाची, अशी माझी समजूत होती.

परवा सकाळी मोबाईल बंद पडला होता आणि पणती टबात हातपाय झाडून रडत होती. सूनबाई म्हणाली, ‘आई, तुम्ही म्हणा ना काहीतरी.’ मी टबाशी पाटावर बसले. माझा गळा आईचा नाही. वयाने तो भागूमावशीच्या वळणावर गेला आहे. मी म्हटले तसे म्हटले. दुसऱ्या ओळीला मूल रडायचे थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. गौरी दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिला हसू आले.

‘लोकाचं काय, आजी? आपलीच आहे की ही!’

‘हळू,’ मी म्हणाले. ‘हळू बोल, बाळ.’ आणि तांब्या भरून पुन्हा पहिल्यापासून धरले.